काच नेमकी कुठे फुटावी? तळेगाव ते चाकण, एका हातकौशल्याचा इतिहास

भोसरी किंवा पिंपरी कॅम्पातल्या कुठल्याही काचेच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. फ्रेमसाठी काच हवी म्हणून सांगा. दुकानदार गादी घातलेल्या टेबलावर मोठी काच आडवी टाकेल, पट्टी ठेवेल, कटर एकदा रॉकेलमध्ये बुडवेल आणि एका दमात रेघ ओढेल. बारीक 'कर्रर्र' असा आवाज येतो. मग काच टेबलाच्या कडेवर सरकवून तो हलकेच खाली दाबतो, आणि काच रेघेवर सरळ दुभंगते. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

हीच गोष्ट घरी करायला गेलं की काच हमखास भलतीकडे तडकते. म्हणून सगळे विचारतात, 'काच न फुटता कशी कापायची?' आणि इथेच, संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा मंडळींसाठी, पहिला मुद्दा आहे. हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. लाकूड करवतीने कापताना मधला भुसा निघून जातो, कापड कापताना धागे तुटतात. काच मात्र या अर्थाने कापली जातच नाही. ती फोडली जाते. फक्त आपल्याला हवी तिथे. म्हणजे खरा प्रश्न असा : काच नेमकी कुठे फुटावी हे माणसाने कसं ठरवायला शिकलं?

प्रश्न असा बदलला की इतिहासही बदलतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अवजारांची यादी असं येतं. दुसऱ्याचं उत्तर शोधताना मठातल्या खिडक्या, पैसा फंडाचा कारखाना, कंदिलाच्या चिमण्या, सातवाहनकाळातले मणी आणि चाकणच्या मोटारींच्या काचा एकाच धाग्यात येतात. पेट, नेट किंवा सेटनंतर आराखडा लिहायला बसाल तेव्हा विषयाइतकाच वेळ प्रश्नाच्या शब्दांवर घालवा, असं मी का म्हणतो हे त्यातून कळेल.

रेघ : हिऱ्याच्या आधी आणि हिऱ्यानंतर

आपल्याकडे अनेक जुने काचवाले कटरला अजूनही 'हिरा' म्हणतात. हातातल्या अवजाराला मात्र बहुतेक वेळा पोलादाचं किंवा कार्बाइडचं छोटं चाक असतं, हिऱ्याचा त्यात कणही नसतो. अवजार बदललं, शब्द मागे राहिला. असे मागे राहिलेले शब्द ही इतिहासाची उत्तम साधनं असतात. आधी काय वापरलं जात होतं ते शब्द सांगतो आणि कागद सांगत नाही.

हिऱ्याच्याही आधी काय होतं? बाराव्या शतकात थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका युरोपीय साधूने कारागिरीवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात चर्चच्या रंगीत खिडक्यांसाठी काच कशी फोडायची ते दिलं आहे. लोखंडी सळई तापवून लाल करायची, ती काचेच्या कडेला टेकवायची, तडा गेला की सळई हव्या त्या रेषेवरून हळूहळू पुढे न्यायची. तडा सळईच्या मागे मागे येतो. उरलेली कड खाचेच्या लोखंडाने कुरतडून नीट करायची. जुन्या खिडक्यांतल्या तुकड्यांच्या कडा अशा कुरतडलेल्या दिसतात. तिथे सरळ रेघेची कड सापडली तर तो तुकडा बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा, असा अंदाज बांधता येतो.

पुढे हिरा आला आणि काम सोपं झालं. पण हिरा काच का कापतो हे बराच काळ कोणी नीट तपासलं नव्हतं. 'हिरा सगळ्यात कठीण, म्हणून' एवढं उत्तर सगळ्यांना पुरत होतं. १८१६ मध्ये विल्यम हाइड वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात यावर एक छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं : नुसता कठीणपणा पुरेसा नाही. पैलू पाडलेल्या हिऱ्याच्या अणकुचीदार टोकाने काचेवर ओरखडा उठतो, काच कापली जात नाही. काचवाले जो नैसर्गिक हिरा वापरतात त्याची कड किंचित गोलाईची असते. ती कड काचेवर दाब देते आणि रेघेखाली एक उथळ पण अखंड भेग तयार होते. त्याने माणकासारख्या इतर खड्यांनाही तशी कड दिली, तेव्हा तेही काही काळ काच कापू लागले.

हा छोटा लेख मला संशोधनाचा नमुना वाटतो. 'का?' या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर होतं. वोलस्टनने ते उत्तर खरं असेल तर आणखी काय खरं असायला हवं, एवढंच विचारलं. कठीणपणाच कारण असेल तर कोणतंही टोक चालायला हवं. ते चालत नाही. मग कारण दुसरं आहे.

एकदा कारण गोलाईत आहे हे कळलं, की हिऱ्याची गरज उरत नाही. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या सॅम्युएल मोन्सने पोलादी चाकाच्या काचकटरचं पेटंट घेतलं. स्वस्त चाक आलं आणि श्रीमंत काचवाल्याचं अवजार कोणाच्याही हातात गेलं. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कटर हा त्याचाच वंशज.

फिरोजाबादच्या बांगड्यांतही हीच रेघ आहे. तिथे वितळलेल्या काचेचा दोर फिरत्या रुळावर गुंडाळून लांब वेटोळं करतात. थंड झाल्यावर त्या वेटोळ्यावर उभी रेघ ओढली की एकेक कडं सुटं होतं, मग दोन्ही टोकं ज्योतीवर जुळवतात. लग्नातल्या हिरव्या चुड्यातली प्रत्येक कारखान्यातली बांगडी अशी एकदा ठरवून फोडलेली आणि पुन्हा जोडलेली असते.

भेगेचं गणित

आता थोडं विज्ञान. नाहीतर पुढचं कळणार नाही.

काचेतले अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. हिशेब केला तर काच पोलादापेक्षाही बळकट निघायला हवी. प्रत्यक्षात ती हिशेबाच्या शंभराव्या भागाइतक्या ताणातही तुटते. हे कोडं ए. ए. ग्रिफिथ या तरुण इंग्रज अभियंत्याने सोडवलं. तो फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करायचा. १९२१ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधाने भंगशास्त्र नावाची शाखाच सुरू झाली. त्याचं उत्तर : काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. ताण आला की तो सगळीकडे सारखा वाटला जात नाही, भेगेच्या टोकाशी गोळा होतो. त्याआधी १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिसने जहाजाच्या पत्र्यांबाबत हेच गणित मांडलं होतं : पत्र्याला भोक किंवा चीर असेल तर तिच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. ग्रिफिथने काचेचे तंतू ओढून बारीक बारीक करत नेले. जाड कांडीच्या मानाने सर्वांत बारीक तंतू सुमारे २० पट बळकट निघाले. तंतू जितका बारीक, तितकी त्यात मोठी भेग मावायला जागा कमी.

दुकानातली रेघ आता समजून घ्या. काचेवर हजारो भेगा आधीच असतात आणि त्यातली कुठलीही वाढू शकते. काचवाला त्यांच्यापेक्षा मोठी, सरळ, आपल्या मनासारखी भेग तयार करतो. मग काच वाकवली की ताण त्याच भेगेशी गोळा होतो आणि बाकीच्या भेगांची पाळीच येत नाही.

घरी नेमकं काय चुकतं तेही यातून कळतं. पहिली चूक म्हणजे जोर. 'नीट कापली नाही' असं वाटून माणूस कटर जास्त दाबतो. मग भेग खाली न जाता आडवी पसरते आणि रेघेवर पांढरी पूड व टवके दिसतात. चांगली रेघ बारीक असते, आणि ती दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येते. दुसरी चूक म्हणजे एकाच रेघेवर पुन्हा कटर फिरवणं. त्याने एका भेगेच्या अनेक वेड्यावाकड्या भेगा होतात, आणि काच कुठून जाईल ते काचेच्या मर्जीवर राहतं. तिसरी चूक म्हणजे वेळ घालवणं. रेघ ओढल्यावर लगेच तोडा, असं प्रत्येक काचवाला सांगतो. भेगेभोवती अडकलेला ताण हळूहळू सैल होत जातो, त्यामुळे ताजी रेघ सरळ जाते, शिळी दगा देते.

हवेतल्या दमटपणाचाही इथे हात असतो. १९६७ मध्ये शेल्डन वीडरहॉर्न यांनी मोजून दाखवलं की पाण्याची वाफ भेगेच्या टोकाशी पोचली की भेग जास्त वेगाने वाढते. पातळ काच पाण्याखाली धरून कात्रीने कुरतडता येते, ही जुनी घरगुती युक्ती त्यामुळेच थोडीफार चालते. कात्री तिथेही काच कापत नाही, टवके काढते. कड वेडीवाकडीच येते, तेव्हा फ्रेमसाठी तो उद्योग करू नका.

उष्णता : तळेगावची शाळा आणि कंदिलाची चिमणी

सपाट काचेवर रेघ चालते. पण गोल, पोकळ काचेचं काय? बाटली, पेला, कंदिलाची चिमणी?

इथे आपल्याला चाकणहून तळेगाव दाभाड्याला जावं लागेल. आज तळेगाव-चाकण रस्ता म्हटलं की कंटेनरची रांग डोळ्यांसमोर येते. या पट्ट्यात मोटारींचे कारखाने यायच्या कितीतरी आधी इथे एक कारखाना उभा राहिला होता, तोही लोकांच्या एकेका पैशातून. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती : प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग काढावेत. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचं तांत्रिक काम पाहायला आले.

पण तळेगावचं वैशिष्ट्य तिथे निघणाऱ्या मालात नव्हतं. ती कारखान्याइतकीच शाळा होती. तिथे तयार झालेली माणसं पुढे ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत पांगली. वार्ष्णेय स्वतः पुढे आजच्या उत्तर प्रदेशात बहजोईला गेले आणि तिथे काचकारखाना काढला. ओगले मंडळींचा कारखाना १९१६ साली औंध संस्थानात, कराडजवळ उभा राहिला. त्यातले श्रीपादराव ओगले तळेगावात तयार झालेले. त्या कारखान्याच्या नावाने गाव झालं, ओगलेवाडी, आणि 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला.

आता त्या कंदिलाच्या चिमणीकडे पाहा. फुंकून केलेली कोणतीही चिमणी नळीला चिकटलेली असते. नळीपासून ती सोडवायची कशी? तापलेल्या काचेच्या मानेला थंड, ओलं लोखंड टेकवतात. तिथला पृष्ठभाग एकदम आकसू पाहतो, आतली गरम काच त्याला आकसू देत नाही, ताण येतो आणि मान तडकते. वरचा जादा भाग काढायचा तर मानेभोवती रेघ ओढून तिथे बारीक ज्योत फिरवतात, मान सरळ तुटते. मग धारदार कड ज्योतीवर वितळवून गोल करतात. म्हणजे चिमणीच्या पोटी काच 'कापण्या'ची दोन-तीन कौशल्यं आधीच असतात. थिओफिलसची तापलेली सळई आणि तळेगाव-ओगलेवाडीच्या काळातली ज्योत एकाच तत्त्वावर चालतात : अवजार काचेला लागतं ते फक्त ताण निर्माण करायला.

घरी बाटली कापायची लोकप्रिय युक्ती, बाटलीभोवती रॉकेलात भिजवलेला दोरा गुंडाळायचा, पेटवायचा आणि बाटली गार पाण्यात बुडवायची, हीही त्याच कुळातली. पण ती बहुतेकांची फसते. कारण सगळे ज्योतीवर लक्ष ठेवतात आणि रेघ विसरतात. आधी कटरने पूर्ण गोल, एकच, सुरुवातीला जाऊन मिळणारी रेघ ओढली नाही, तर तडा दोऱ्याचं ऐकत नाही. शिवाय पेटत्या रॉकेलपेक्षा रेघेवर आळीपाळीने कढत आणि गार पाण्याची धार सोडणं जास्त सुरक्षित आणि जास्त सरळ तोडणारं आहे.

एक इशारा. ही युक्ती साध्या बाटलीच्या काचेसाठी आहे. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रावर ती जवळपास निरुपयोगी ठरते, कारण ती काच बोरोसिलिकेट असते. साधी सोडा-चुन्याची काच तापल्यावर जितकी प्रसरण पावते त्याच्या सुमारे एक तृतीयांशच बोरोसिलिकेट प्रसरण पावते. उष्णतेने ताण येत नाही हा तिचा गुण, आणि उष्णतेने तोडायला गेलात तर तीच अडचण.

भोक : कसं पाडायचं, आणि कधी

आता भोक. काचेला भोक पाडणं हे घरगुती कामांतलं सगळ्यात धास्तीचं. पण इतिहासात गेलात तर एक गंमत दिसते.

महाराष्ट्रात नेवासे, पैठण, तेर, भोकरदन, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी, अशा कितीतरी ठिकाणी उत्खननात मणी सापडले आहेत. काही दगडाचे : अकीक, कार्नेलियन. काही काचेचे. दोघांनाही भोक आहे, दोन्ही एकाच माळेत ओवता येतात. पण मणी आडवा कापून भोकाकडे पाहिलं तर दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी दिसतात. दगडी मण्यांत भोक बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं आणि मध्यावर दोन्ही भोकं किंचित चुकून भेटतात. एकाच बाजूने पाडत गेलं तर ड्रिल दुसरीकडून बाहेर पडताना कड उडते, हे कारागिरांना ठाऊक होतं. खंबायतचे मणीकार आजही हिऱ्याचे कण बसवलेल्या धनुष्य-गिरमिटाने, सतत पाणी सोडत भोकं पाडतात.

काचेच्या मण्यांत मात्र असं ड्रिल बहुतेक वेळा दिसतच नाही. कारण भोक पाडलेलंच नसतं. एक तर वितळलेली काच तारेभोवती गुंडाळली आणि नंतर तार काढून घेतली, किंवा पोकळ गोळा ओढून लांब नळी केली आणि तिचे तुकडे केले. नळीच्या पोकळीचं भोक झालं. जुन्या काचकारागिरांनी काचेला भोक 'कसं' पाडायचं यावर डोकं खपवण्याऐवजी 'कधी' हे ठरवलं होतं : काच मऊ असतानाच. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी आयुष्याचा मोठा काळ मणी आणि काच यांच्या अभ्यासात घालवला. भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रकाशित केला. या विषयात उतरायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

थंड काचेला भोक पाडायचंच असेल, तर कृती त्या दगडी मण्यांचीच आहे :

हिऱ्याची पूड बसवलेलं पोकळ बिट घ्या. ड्रिलचा हातोडा बंद. वेग कमी. काचेखाली सपाट लाकूड किंवा जाड रबर, कुठेही पोकळी नको. सुरुवातीला बिट घसरतं, म्हणून भोक असलेली प्लायची पट्टी वर धरा किंवा बिट तिरपं टेकवून खाच पडल्यावर हळूहळू उभं करा. पाणी सतत हवं, कारण ते उष्णता नेतं आणि पूड उडू देत नाही. ती पूड छातीत जाणं काचेच्या तड्यापेक्षा वाईट. जोर देऊ नका, बिटाला झिजवू द्या. निम्म्याहून जास्त खोल गेल्यावर काच उलटवून दुसऱ्या बाजूने भोक पूर्ण करा. भोक कडेला फार जवळ घेऊ नका. डोळ्यांना गॉगल हवाच. विजेचं ड्रिल आणि पाणी एकत्र येत असल्याने बॅटरीवरचं ड्रिल बरं. आणि पहिलं भोक नेहमी टाकाऊ तुकड्यावर.

चाकण : जिथे 'कधी'ला कायद्याचं वजन आलं

एवढं सगळं नीट करूनही एका काचेला तुम्ही भोक पाडू शकणार नाही. मोटारीची बाजूची काच, बाथरूमच्या काचेचं दार, बऱ्याच टीपॉयच्या काचा. या टफन्ड म्हणजे कडक केलेल्या काचा असतात.

यांची पूर्वकथा सतराव्या शतकातली. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला गोळा तयार होतो. राजपुत्र रूपर्टने असे थेंब इंग्लंडच्या दरबारात आणले आणि रॉयल सोसायटीच्या मंडळींना वेड लावलं. रॉबर्ट हुकने १६६५ च्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं आहे. डोक्यावर हातोडा मारा, फुटत नाही. शेपटी मोडा, सगळा थेंब भुगा होतो. बाहेरची काच आधी थिजते, आतली नंतर आकसते आणि बाहेरचीला आत ओढून धरते. बाहेर दाब, आत ताण. भेग दाबाच्या थरात वाढू शकत नाही, पण एकदा का ती आतल्या ताणापर्यंत पोचली की थांबत नाही. १९९४ मध्ये श्रीनिवासन चंद्रशेखर आणि एम. एम. चौधरी यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हे टिपलं. भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने धावत होती.

१८७४ मध्ये फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून याचा उद्योग करायचा प्रयत्न केला. आजच्या कारखान्यात काच ६०० अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. ती साध्या काचेपेक्षा चारपाच पट बळकट होते, आणि फुटली तर बोथट कणांत फुटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनांना सुरक्षा काच बंधनकारक आहे, आणि भारतीय मानक २५५३ मध्ये तिच्या कसोट्या आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणजवळच्या कुरुळीत सेंट-गोबेन सेक्युरिटचा मोटारींच्या काचांचा कारखाना आहे. अशा कारखान्यातला क्रम कधीच उलटत नाही : आधी कापा, कडा घासा, भोकं पाडा, मग भट्टी. भट्टीतून बाहेर आल्यावर काचेच्या अंगात ताण साठलेला असतो. तिला भोक पाडणं म्हणजे रूपर्टच्या थेंबाची शेपटी मोडणं.

म्हणजे नेवाशाचा मणीकार आणि चाकणचा इंजिनिअर दोघेही 'कधी'चंच उत्तर देत आहेत. म्हणून घरच्या काचेला हात लावण्याआधी कोपऱ्यातला शिक्का पाहा. शिक्का नसेल तर ध्रुवित गॉगल लावून संध्याकाळच्या आकाशाच्या प्रकाशात तिरकं पाहा. हवेच्या झोतांचे अंधूक ठिपके किंवा पट्टे दिसले, तर ती काच कापायची नाही. हव्या त्या मापाची नवी करून घ्यायची.

वितळलेलं दप्तर

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. समजा तळेगावच्या काचकामगारांवर संशोधन करायचं आहे. साधनं कुठून आणाल?

पैसा फंडाबद्दल वर्तमानपत्रं आहेत. १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगाची कागदपत्रं आहेत. १९३२ चा टॅरिफ बोर्डाचा काच उद्योगावरचा अहवाल आहे. पण हे अहवाल ज्या प्रश्नासाठी लिहिले गेले तो प्रश्न दराचा आणि जकातीचा होता : कोळसा किती, सोडा ॲश कुठून, परदेशी मालाशी टक्कर कशी. चिमणीच्या मानेभोवती ज्योत किती वेळ फिरवायची, हे विचारायला कोणी आयोग नेमत नाही.

बरं, वस्तू सांगतील? कुंभाराच्या आव्याशेजारी बिघडलेल्या मडक्यांचा ढीग राहतो. पुरातत्त्ववाले त्या ढिगातून सगळं वाचतात. काचकारखान्यात मात्र फुटका माल, कापलेल्या माना, चुकलेले तुकडे पुन्हा भट्टीत जातात. जुनी काच टाकली की नवी लवकर वितळते, म्हणून ते आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचंच आहे. पण याचा अर्थ असा की काचकारखाना स्वतःचं दप्तर रोज वितळवत असतो. चुका वितळतात, शिकाऊ हातांचे पुरावे वितळतात, उरतो तो फक्त बरा माल. आणि नुसता बरा माल पाहून लिहिलेला इतिहास नेहमी वाटतो त्यापेक्षा सोपा निघतो.

उरतात माणसं. भोसरी, पिंपरी, चाकणच्या काचदुकानांत आज संगणकावर चालणारी कापायची टेबलं येत आहेत, पाण्याच्या झोताने भोकं पाडणारी यंत्रंही. पन्नास-साठ वर्षं हाताने रेघ ओढलेली माणसं निवृत्तीला आली आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्याच नोंदवहीत नाही.

पण त्यांच्याकडे जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कृती आणि कारण वेगवेगळं नोंदवा. रेघ लगेच तोडा, ही कृती अचूक आहे. 'नाहीतर काच पुन्हा जुळते', हे कारण तितकं अचूक नसेलही. कृती बरोबर म्हणून कारण बरोबर मानू नका, आणि कारण चूक म्हणून कृती फेकून देऊ नका. वोलस्टनच्या आधी काचवाले हिरा अगदी बरोबर वापरत होते, फक्त त्याचं कारण भलतंच सांगत होते. दोन्ही नोंदी इतिहासाला लागतात.

दोन, नुसती मुलाखत घेऊ नका. 'तुम्ही काच कशी कापता?' असं विचारलं की 'रेघ मारायची आणि तोडायची' एवढंच उत्तर येतं. आयुष्यभर हाताने केलेलं काम तोंडाने सांगता येत नाही. काम चालू असताना बसा. रेघेचा आवाज रेकॉर्ड करा. एखादी काच भलतीकडे गेली तर ती कुठे गेली, आणि तो काय म्हणाला, ते लिहा. चांगल्या रेघेपेक्षा चुकलेल्या रेघेजवळ माणूस जास्त बोलतो. आणि परवानगी मिळाली तर तो चुकलेला तुकडा मागून घ्या, त्यावर तारीख आणि जागा लिहा. भंगारात जाण्याआधी कोणीतरी उचललेला तो पहिला कागद असेल.

आराखड्यात 'संशोधनाचं महत्त्व' या मथळ्याखाली काय लिहू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. या विषयापुरतं उत्तर एका वाक्यात बसतं. एकेक पैसा गोळा करून महाराष्ट्राने तळेगावात काच करायला शिकणारे हात तयार केले, त्या पैशांचा हिशेब आपल्याकडे आहे, त्या हातांचा नाही. तो लिहायला अजून काही वर्षंच उरली आहेत.